नवख्याने कोणता विंचू पाळावा?

मराठीतले 'पाळणे' हे क्रियापद मोठे चमत्कारिक आहे. आपण गाय पाळतो, कुत्रा पाळतो, पोपट पाळतो. आणि त्याच तोंडाने वचन पाळतो, पथ्य पाळतो, उपास पाळतो, मौन पाळतो. घरात कोणी गेले तर सुतकही पाळतो. गाय आणि सुतक यांना एकाच क्रियापदाच्या दावणीला बांधताना आपल्या पूर्वजांना काही वावगे वाटले नाही. शब्दांच्या अशा संसाराकडे आपण सहसा लक्ष देत नाही. माझेही गेले नसते. पण माझ्या भाच्याने मला एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून हे क्रियापद माझ्या डोक्यात घर करून बसले आहे.

प्रश्न असा होता : "मामा, नवख्या माणसाने पहिल्यांदाच विंचू पाळायचा, तर कोणत्या जातीचा पाळावा?"

भाचा दिंडोरीचा. घरची द्राक्षबाग आहे. थॉमसन लावावी की क्रिमसन, हे जितक्या गंभीरपणे विचारावे तितक्याच गंभीरपणे त्याने हे विचारले. त्याच्या आजीने, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी, स्वयंपाकघरातूनच उत्तर दिले, "मेलेला!" आजींच्या पिढीचा विंचवाशी असलेला संबंध चपलेपुरता होता, आणि मला त्या संबंधात एक प्रकारचा सरळपणा दिसतो. पण भाच्याचे कुतूहल हे शहरी पोराचे खूळ नव्हते. त्यामागे एक घटना होती.

आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीला सुरगाण्याकडून मजुरांची टोळी आली होती. त्यातल्या एका बाईला बांधावरचा दगड बाजूला सारताना विंचू चावला. लहानसा, तांबूस पिवळा. बोटभर जिवाचे काय एवढे, म्हणून ती थोडा वेळ कामच करीत राहिली. अर्ध्या तासात तिचे अंग घामाने निथळू लागले, हातपाय बर्फासारखे गार पडले, वांत्या सुरू झाल्या. भाच्याने तिला मोटारसायकलवर मध्ये बसवले, मागे तिच्या नवऱ्याला बसवले आणि सरकारी दवाखाना गाठला. तिथे तिला गोळी मिळाली, रात्रभर नजरेखाली ठेवले, आणि दोन दिवसांनी बाई टोळीत परत आली. भाचा मात्र पूर्वीचा राहिला नाही. ज्याने एवढे केले तो प्राणी कसा असतो, हे त्याला पाहायचे होते. भयातून निघालेले कुतूहल फार चिवट असते.

त्या गोळीची हकीगत महाराष्ट्राने विसरू नये अशी आहे. तो विंचू लाल विंचू. शास्त्रज्ञ त्याला हॉटेनटोटा टॅम्युलस म्हणतात. त्याचे विष नुसते दुखवत नाही. शरीरातली संकटकाळी वापरायची जी रसायने आहेत, त्यांचा साराच साठा ते एकदम मोकळा सोडते. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरते आणि माणूस गुदमरतो. रायगड जिल्ह्यात बिरवाडी-महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून निरीक्षणे केली आणि रक्तदाबावर दिले जाणारे प्राझोसिन नावाचे साधे औषध १९८० नंतरच्या दशकात विंचूदंशावर वापरून दाखवले. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण एक-दोनावर आले. एका खेड्यातल्या डॉक्टरचे हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या हाफकिनमध्ये विंचवाच्या विषावरची लसही तयार होते. आज विंचू चावलेल्या माणसाला मांत्रिकाकडे नेण्यात जो वेळ जातो, तोच काय तो घातक.

जाता जाता मांत्रिकांविषयी एक सांगतो. ते सगळेच लबाड नव्हते. आपल्याकडच्या बहुतेक विंचवांचा दंश काही तासांत आपोआपच उतरतो. मंत्र टाकला, राख लावली, झाडू फिरवला, तोवर पहाट होई आणि वेदना जाई. मंत्राला यश मिळे ते विंचवाच्या सौम्यपणामुळे. आणि लाल विंचवाचा माणूस मेला, तर त्याचे दिवस भरले होते. असा हिशेब शेकडो वर्षे चुकता होत आला.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. जगात विंचवांच्या अडीच हजारांहून अधिक जाती आहेत. आपल्या देशात शंभराच्या वर. प्राणिसर्वेक्षण विभागातील टिकादर आणि बस्तवडे यांनी १९८३ साली भारतातील विंचवांवर एक जाडजूड ग्रंथच लिहून ठेवला आहे. यांतल्या फार थोड्या जाती माणसाच्या जिवावर उठू शकतात. परदेशात विंचू पाळण्याचा शौक जुना आहे आणि त्या शौकिनांमध्ये नवख्यासाठी एक ठोकळ नियम सांगतात : चिमटे जाड आणि शेपूट बारीक असेल तो विंचू सौम्य, चिमटे बारीक आणि शेपूट जाड असेल त्याच्या वाटेला जाऊ नये. ज्याच्या चिमट्यांत भक्ष्य चिरडण्याची ताकद आहे त्याला विषावर फारसे विसंबावे लागत नाही. नियमाला अपवाद आहेत. पण आपल्याकडे तो चांगला लागू पडतो. मराठीत मोठ्या विंचवाला 'इंगळी' असा वेगळा, दरारा बसवणारा शब्द आहे. आमच्या दगडांखाली सापडणारे ते मोठे, काळे, खेकड्यासारख्या चिमट्यांचे धूड पाहून माणूस दहा पावले मागे सरतो. आणि जीव घेण्याची ताकद असते ती तळहातावर मावणाऱ्या त्या तांबड्या किडकिड्याला. भीतीचा आणि धोक्याचा मेळ निसर्गाने घालून दिलेला नाही, तो माणसाने शिकावा लागतो.

तर या नियमाप्रमाणे नवख्यांना जो विंचू सुचवतात तो आफ्रिकेतला 'एम्परर', सम्राट विंचू. वीतभर लांब, काळाभोर, अंगावर हिरवट झाक, स्वभावाने संथ, दंश मधमाशीइतका. घाना, टोगो, बेनिन या देशांतल्या जंगलात वारुळांच्या आसपास बिळे करून राहतो. भाच्याने त्याचे चित्र मला मोबाईलवर दाखवले. खरोखर राजबिंडा प्राणी! "हा निरुपद्रवी आहे," भाचा म्हणाला.

या 'निरुपद्रवी' शब्दाने मला पेचात टाकले. नवख्याने कोणता विंचू निवडावा, या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न दडलेला आहे : मला कमीत कमी इजा कोण करील? आणि उत्तर मिळाले की माणूस बाजारात जातो. सम्राट विंचू सौम्य निघाला, म्हणून लोकांनी त्याची बिळे खणली. इतकी खणली, की १९९५ साली त्याचा सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत समावेश करून त्याच्या व्यापारावर नियंत्रण आणावे लागले. विंचवाची वीण काही उंदरासारखी नसते. मादी कित्येक महिने पिल्ले पोटात वाढवते आणि ती पिल्ले मोठी व्हायला वर्षे लागतात. बिळे खणणाऱ्याला तेवढा धीर नसतो. विषारी विंचवांच्या बिळांकडे नवखे फिरकत नाहीत. सौम्य होता त्याला मात्र पेटीत भरून समुद्रापार नेले. सज्जनाच्या वाट्याला हे असे येते.  गोठ्यातल्या सगळ्यांत गरीब गाईचे दूध सगळे काढतात, आणि घरातली जी सून उलट बोलत नाही तिच्याच पुढ्यात भांड्यांचा ढीग पडतो. निवड नेहमी सौम्याची होते आणि ओझेही त्याच्यावरच पडते.

मी भाच्याला म्हटले, "प्रश्न फिरवून विचार. माझ्यामुळे कमीत कमी इजा कोणत्या विंचवाला होईल?"

तो हुशार आहे. म्हणाला, "मग पेटीतच जन्मलेला घेतला तर? त्याला रान ठाऊकच नाही. आणि मामा, विंचू महिनोन्महिने एका दगडाखाली बसून असतो. त्याला पेटी काय आणि बीळ काय!"

ह्या बोलण्यात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. पिंजऱ्यातला पोपट पाहिला की आपले मन कासावीस होते, कारण त्याचे पंख आपल्याला दिसतात आणि आकाश आपल्याला दिसते. विंचवाचे पंख कोणते आणि आकाश कोणते? त्याचे डोळे अधू. पाठीवर दोन आणि कडेला लहान लहान आणखी काही, पण त्यांनी तो उजेड-अंधारापलीकडे फारसे पाहत नसावा. त्याचे जग आहे ते पायांखालच्या थरथरीत. रातकिडा वाळूत चालला तर कुठे चालला हे त्याला पायांनी कळते. पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव आहेत, त्यांनी तो जमिनीचा वास घेत जातो. एखादा रातकिडा खाल्ला तर आठवडा-दोन आठवडे त्याला काही लागत नाही. वेळ आली तर कित्येक महिने उपाशी राहतो. जातभाई भेटला तर बहुधा त्यालाच खातो, म्हणून पेटीत एकटाच ठेवतात. अशा प्राण्याला बंदिवास वाटतो की नाही, हे आपल्या करुणेच्या मापाने मोजता येत नाही. पण माप नाही म्हणून पेटी न्याय्य ठरते असेही नाही. दुकानदाराकडे वजने नसली, म्हणून धान्य फुकट होत नाही.

याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. पाळलेला विंचू आपल्याला ओळखत नाही. कुत्रा दारात वाट पाहतो, मांजर मतलबासाठी का होईना पायात घोटाळते, गाय हाकेला मान वळवते. विंचवाच्या लेखी त्याचा धनी म्हणजे जमिनीची एक मोठी थरथर. आठ वर्षे सांभाळा. आठव्या वर्षीही तो तुमच्या बोटापुढे नांगी उचलील. काही शौकीन याला शुद्ध प्रेम म्हणतात : परतफेडीची आशाच नाही, म्हणजे निष्कामच झाले की! मला या निष्कामतेचा थोडा संशय येतो. जो नाही म्हणू शकत नाही, जो रुसत नाही, ज्याला आपण आवडलो की नाही हे कधी कळणारच नाही, त्याच्यावर प्रेम करणे मुळीच कठीण नाही. शेजाऱ्यावर करून पाहावे.

इथे वाचकाला ती साधूची गोष्ट आठवली असेल. नदीत बुडणाऱ्या विंचवाला साधू हाताने उचलतो, तो डसतो, पुन्हा पाण्यात पडतो, साधू पुन्हा उचलतो. आणि विचारणाऱ्याला म्हणतो की डसणे हा त्याचा धर्म, वाचवणे हा माझा. लहानपणी ही गोष्ट ऐकून माझे डोळे भरून येत. आता दोन शंका येतात. पहिली ही, की डसणे हा विंचवाचा धर्म हे ठरवले कोणी? डसून घेतलेल्याने. विंचवाच्या आयुष्यातला बहुतेक काळ निश्चल बसण्यात जातो. विष करायला त्याला श्रम पडतात, ते तो उधळीत नाही. एकनाथांनीही आपल्या भारुडात काम आणि क्रोध यांना विंचवाचे रूप दिले, कारण भर बाजारात उभ्या असलेल्या श्रोत्याला ती कळ ठाऊक होती. भारूड माणसाविषयी आहे. पण बदनाम झाला विंचू. दुसरी शंका व्यवहारी आहे. नदीकाठी झाडे असतात, त्यांना पाने असतात. साधूने एक पान घेतले असते तर विंचू पहिल्याच वेळी वाचला असता. पण मग गोष्ट साधूविषयी राहिली नसती.

विंचू पाळणाऱ्याविषयी मला हेच भय वाटते. गोष्ट विंचवाविषयी राहत नाही. हातावर विंचू घेतलेली छायाचित्रे पाहावीत : विंचू अंधुक असतो, माणूस स्पष्ट. कर्नाटकात यादगीर जिल्ह्यातल्या कंदकूर येथे नागपंचमीला टेकडीवर जमून लोक विंचू हातावर, चेहऱ्यावर, जिभेवरसुद्धा खेळवतात. तिथे निदान वर्षातून एक दिवस असतो, देवी असते, आणि संध्याकाळी विंचू आपल्या दगडाखाली जातो.

तरीही दुसऱ्या बाजूला एक जबर पुरावा आहे, आणि तो आपल्याच म्हणीत आहे. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण सहज म्हणतो. हे बिऱ्हाड म्हणजे काय? विंचवीण अंडी घालीत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. पांढरीशुभ्र, भाताच्या शितांसारखी मऊ पिल्ले आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत, आठवडा-दोन आठवडे, तिथेच राहतात. एखादे घसरले तर आई थांबते, त्याला चढू देते. ज्याने ही म्हण केली त्याने हे पाहिले असले पाहिजे. आणि पाहताना त्याच्या हातात चप्पल नसली पाहिजे. विंचवाला मारणाऱ्या हजारांपेक्षा पाहणारा तो एक मला जवळचा वाटतो. भाच्याला पेटी हवी आहे ती जर एवढ्यासाठी असेल, तर मी तिला सरसकट पाप म्हणणार नाही. भीती ज्ञानाने जाते हे खरे आहे, आणि ज्ञानाला जवळ बसावे लागते.

हे सारे आमचे माजघरातले बोलणे. त्याला छेद दिला तो त्या सुरगाण्याच्या बाईने. यंदा टोळी पुन्हा आली होती. डोक्यावर बोचकी, पाठीला झोळीत मुले. बिऱ्हाड पाठीवर हे त्या टोळीला जितके लागू पडते तितके विंचवालाही पडत नसेल. भाच्याने काचेची पेटी मागवल्याचे तिच्या कानावर गेले होते. ती हसत म्हणाली, "भाऊ, पैसे कशापायी घालता? आमच्या झोपडीत या. तिथं निवडायचं कामच नाही, जो निघंल तो आपला."

या वाक्यावर मी फार विचार केला आहे. कोणता विंचू पाळावा हा प्रश्न ज्याला पडतो, त्याच्या घराला फरशी असते, दाराला उंबरा असतो आणि अंथरूण पलंगावर असते. द्राक्षाच्या मांडवाखाली अनवाणी वाकलेल्या बाईला विंचू निवडता येत नाही. शेणखताचा ढीग, ठिबकच्या नळीखालचा ओलावा, बांधाचे दगड, झोपडीच्या कुडाची फट, या सगळ्या जागा विंचवाच्या आहेत, आणि तिच्याही. तिच्या नि विंचवाच्या संबंधाला 'पाळणे' कोणी म्हणणार नाही. पण सहवास म्हटला तर तो तोच. आणि जी खबरदारी आपण विंचवाच्या पेटीसाठी घेतो, ऊब किती, ओल किती, लपायला साल कुठे, तिच्यातली निम्मीदेखील आपण त्या झोपडीसाठी घेत नाही.

तेव्हा मला ते क्रियापद पुन्हा आठवले. वचन पाळणे, पथ्य पाळणे, मौन पाळणे. या सर्वांत आवर घालायचा असतो तो स्वतःला. गाय पाळण्यातही मुळात हाच अर्थ असणार. दावे गाईच्या गळ्यात असते, पण पहाटे उठावे लागते ते धन्याला. विंचवाच्या पेटीतही जाणता माणूस विंचवाला फारसे काही करीतच नाही. हात लावायचा नाही, कात टाकत असताना पेटी हलवायची नाही, भूक नसताना खायला टाकायचे नाही. ते एक प्रकारचे पथ्यच आहे. मग हे पथ्य पेटीबाहेरच्या विंचवापाशी का पाळू नये?

भाच्याला मी जे सांगितले ते एवढेच. परदेशी विंचू घ्यायचाच असेल, तर तो पेटीत जन्मलेला आहे याचा कागद माग. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आहे आणि सायटीसच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची नोंदणी करावी लागते. बांधावरचा काळा उचलायचा विचार असेल, तर आधी वनखात्याला विचार. लाल विंचू कोणत्याही कारणाने घरात आणू नकोस. आजी म्हातारी आहे आणि लहान मुले असलेल्या घरात ते विष फार वाईट. पण या सर्वांच्या आधी टोळीला गमबूट दे, हातमोजे दे, दगड उलटवायला लोखंडी पहार दे, आणि निजायला बाजा दे. नोटा तपासायचा जो निळसर दिवा मिळतो, तसा एक अतिनील किरणांचा दिवा आण. विंचवाचे अंग त्या प्रकाशात हिरवट-निळे चमकते, अगदी काजव्यासारखे. रात्री निजण्याआधी झोपडीत तो फिरवला, की कोण कुठे बसले आहे हे कळते, आणि मारण्याऐवजी लांब चिमट्याने उचलून बांधापलीकडे सोडताही येते.

दिवा आला. गमबूट आले, ते घालून उकडते अशी बायकांची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. रात्री बांधावर दिवा फिरवला तेव्हा भाच्याने एका दगडी बांधात अकरा विंचू मोजले. आजी ओट्यावरूनच म्हणाल्या, "अकरा? मग मी एवढी वर्षं मारले ते काय होते?"

भाच्याचे समाधान मात्र झालेले नाही. त्याचा शेवटचा मुद्दा असा, की "मामा, तुमचे म्हणणे खरे धरले तर मग गाय तरी का पाळायची? ती आपल्याला ओळखते म्हणून आपण पाळतो, की दूध देते म्हणून?" याला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. वसुबारसेला त्यांच्याकडे गाय-वासराची पूजा असते. बहीण बाजरीची भाकरी नि गवारीची भाजी करते, आणि त्या दिवशी घरात कोणी दूध-तुपाला शिवत नाही. बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवसांचे काय, असे तो मला यंदा विचारणार आहे. मी दिंडोरीला आदल्या दिवशीच पोचेन.